योरिस आणि कातालिना: रापाल्ये घराण्याबद्दल काय खरं, काय जोडलेलं, आणि ते कागदावरून कसं ताडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूयॉर्कच्या रापाल्ये घराण्याची माहिती शोधली की वेगवेगळ्या कथा हाती लागतात. मूळपुरुष योरिस हा ला रोशेलचा फ्रेंच सरदार होता, त्याची बायको कातालिना पॅरिसची होती, त्याचा एक भाऊ मोरोक्कोहून आला होता आणि त्यांची मुलगी सारा ‘ब्रुकलिनमध्ये जन्मलेलं पहिलं युरोपीय बाळ’ होती. यातलं खरं काय? आणि १६२० च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या डच वसाहतकाराचं कुटुंब शोधायचं तर कुठून सुरुवात करायची?

या चारही गोष्टी चुकीच्या आहेत. पण प्रत्येक चूक कशी झाली ते सांगता येतं, आणि शोधणाऱ्याला खरा उपयोग त्याचाच आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे डच म्हटलं की वेंगुर्ल्याची वखार आठवते. ती ईस्ट इंडिया कंपनीची, १६३७ ची. अमेरिकेतली न्यू नेदरलँड वसाहत होती वेस्ट इंडिया कंपनीची. ही कंपनी १६२१ मध्ये निघाली, तिचा कारभार वेगळा आणि दप्तरही वेगळं. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकरदार तपशीलवार पगारपत्रकांतून सापडतात. वेस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या दप्तराचा मोठा भाग १८२१ मध्ये रद्दीच्या भावाने विकला गेला. त्यामुळे ‘जहाजावरच्या प्रवाशांची यादी कुठे मिळेल?’ या पहिल्याच प्रश्नाला १६२४ च्या बाबतीत उत्तर आहे: नाही मिळणार. ज्या संकेतस्थळावर अशी पूर्ण यादी दिसेल, ती नंतर कोणीतरी जुळवलेली आहे असं समजायचं.

म्हणून सुरुवात जहाजापासून करायची नसते, लग्नापासून करायची असते. अॅम्स्टरडॅममध्ये लग्नाआधी इराद्याची नोंद करावी लागे आणि त्यात नाव, गाव, धंदा, वय, राहण्याची गल्ली आणि सोबत आलेलं माणूस एवढं सगळं लिहीत. जानेवारी १६२४ च्या नोंदीत योरिस आहे: मूळ गाव व्हॅलेन्सिएन, वय १९, धंदा बोरात विणणारा. बोरात म्हणजे लोकर आणि रेशमाचं हलकं मिश्र कापड. वधू कातालिना त्रिको, ‘प्री’ गावची, वय १८, सोबत बहीण. दोघांनी सहीच्या जागी खूण केली आहे. लग्न २१ जानेवारीला वालून चर्चमध्ये लागलं.

या एका नोंदीने सरदारकी संपते. ला रोशेलही जातं. व्हॅलेन्सिएन आज उत्तर फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा ते स्पॅनिश अंमलाखालच्या नेदरलँड्समध्ये होतं. तिथले फ्रेंच बोलणारे प्रॉटेस्टंट, म्हणजे वालून, जाच टाळायला उत्तरेकडे डच प्रांतांत आले होते. योरिस हा लिहिता न येणारा विणकर पोरगा होता. ‘डच वसाहतकार’ म्हणून ज्याची ओळख आहे तो जन्माने डच नव्हताच, आणि हे अपवादात्मकही नाही. पहिल्या तुकडीतली बहुतेक कुटुंबं वालून होती. पुढच्या काळात नॉर्वेजियन, जर्मन, डेन असे बरेच लोक आले. मूळपुरुष डच वसाहतीत सापडला म्हणून त्याचं गाव आजच्या नेदरलँड्समध्येच शोधत बसलात तर वर्षं वाया जातील.

आता पॅरिसचं. कातालिनाच्या दोन जबान्या उपलब्ध आहेत, एक १६८५ ची आणि दुसरी १७ ऑक्टोबर १६८८ ची. दुसरी तिच्या लाँग आयलंडवरच्या घरी, न्यायाधीश विल्यम मॉरिसने घेतली. तिच्या पहिल्याच ओळीत आहे की कातालिना त्रिको, वय सुमारे ८३, जन्म पॅरिस. लग्नाच्या नोंदीत ‘प्री’ आहे. हे एनो भागातलं प्रीश नावाचं खेडं. म्हातारी बाई आपल्या बोलीत ‘प्री’ म्हणाली असणार, आणि इंग्रज लेखनिकाला जे शहर माहीत होतं ते त्याने लिहिलं. एका लेखनिकाच्या कानाने एका खेड्याचं पॅरिस केलं आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या वंशावळीत ते तसंच उतरत गेलं. जुन्या कागदात गावाचं नाव वाचताना लिहिणाऱ्याची भाषा कोणती आणि बोलणाऱ्याची कोणती, हे आधी विचारायचं ते यासाठी.

वय मात्र चोख जुळतं. १६२४ ला १८, १६८० मध्ये भेटायला आलेल्या पाहुण्याच्या लेखी ७४, १६८५ ला ‘चार विसा’ म्हणजे ८०, १६८८ ला ८३. चारही आकड्यांवरून जन्म १६०५ च्या आसपास पडतो. वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले चार कागद एकाच वर्षाकडे बोट दाखवत असतील तर ते वर्ष धरायला हरकत नाही. वयात दोन-तीन वर्षांची तफावत मात्र नेहमीची असते, तेवढ्यावरून माणूस वेगळा ठरवायचा नाही.

त्या जबानीत बाईने सांगितलेलं वर्णन मोलाचं आहे. ‘युनिटी’ नावाच्या जहाजातून आलो, तिचा प्रमुख आरिएन योरिसे. मॅनहॅटनला पोचताच दोन कुटुंबं आणि सहा पुरुष हार्टफर्ड नदीकडे म्हणजे कनेटिकटला पाठवले, दोन कुटुंबं आणि आठ पुरुष डेलावेअरला, आणि आठ पुरुष मॅनहॅटनवर ताबा राखायला ठेवले. बाकीचे जहाजाबरोबर हडसन नदीने वर गेले. अर्ध्या वाटेवर एसोपसला पाणी उथळ लागलं म्हणून तिथे आधीच्या व्यापाऱ्यांनी सोडलेल्या होड्यांत सामान उतरवून जहाज हलकं केलं आणि मग वर नेलं. आज जिथे ऑल्बनी आहे तिथे सुमारे १८ कुटुंबं उतरली, लहानसा किल्ला बांधला, झाडाच्या सालीच्या झोपड्या उभारल्या. मग माहिकन, मोहॉक, ओनायडा वगैरे स्थानिक जमातींचे लोक बीव्हरची कातडी घेऊन आले आणि मैत्रीचे करार झाले. आपण तिथे तीन वर्षं होतो आणि तोवर ते लोक ‘कोकरांसारखे शांत’ होते, असं ती सांगते.

इथे सावध राहायला हवं. १६२६ मध्ये फोर्ट ऑरेंजचा, म्हणजे ऑल्बनीच्या त्या किल्ल्याचा, प्रमुख डॅनियल व्हान क्रीकेबेक माहिकनांच्या बाजूने मोहॉकांवर चालून गेला आणि आपल्या तीन माणसांसह मारला गेला. त्यानंतरच वरची कुटुंबं मॅनहॅटनवर हलवली, आणि कातालिना स्वतःच सांगते की ती १६२६ ला खाली आली. कोकरांची शांतता आणि हे स्थलांतर एका ओळीत बसत नाही. ती खोटं बोलत होती असं नाही. ६० वर्षांनंतरची आठवण आहे, आणि विचारणाऱ्याला काय हवं होतं तेही पाहायला हवं. १६८५ ची जबानी गव्हर्नर डोंगनपुढे झाली आणि तिचा सगळा रोख डेलावेअरवर आधी कोण वसलं यावर आहे. डेलावेअरच्या जमिनीवरून पेनसिल्व्हेनियाचा मालक विल्यम पेन आणि मेरीलँडचा मालक लॉर्ड बाल्टिमोर यांचा वाद तेव्हा लंडनमध्ये चालू होता. १६८८ च्या जबानीत इरोक्वॉय राष्ट्रांची (मोहॉक, ओनायडा आदी जमातींच्या संघाची) नावं एकेक करून मोजली आहेत, आणि त्या राष्ट्रांवर हक्क कोणाचा यावरून इंग्रज आणि फ्रेंच भांडत होते. जबानी म्हणजे आत्मचरित्र नव्हे. कोणीतरी काहीतरी सिद्ध करायला घेतलेला पुरावा असतो तो. त्यातल्या ज्या गोष्टींनी कोणाचा फायदा होत नाही, उदाहरणार्थ एसोपसला होड्यांत सामान उतरवणं, त्या जास्त विश्वासार्ह.

वर्षाचा घोळही याच जबान्यांतून निघतो. पहिलीत ती १६२३ किंवा १६२४ म्हणते, दुसरीत १६२३. लग्न जानेवारी १६२४ चं असल्यामुळे १६२३ अशक्य, असं सरळ दिसतं. पण इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होत होतं, त्यामुळे आपला जानेवारी १६२४ म्हणजे इंग्रजी हिशेबाने अजून १६२३ च. लग्नानंतर चार-पाच दिवसांतच जहाज निघालं असं धरलं तर दोन्ही वर्षं बरोबर ठरतात. शोध घेताना हा नियम लक्षात ठेवा: न्यू नेदरलँडच्या १६६४ पर्यंतच्या डच कागदांत नवं कॅलेंडर आहे, वर्ष १ जानेवारीपासून. १६६४ ला इंग्रज आले आणि जुनं कॅलेंडर आलं, १० दिवस मागे आणि जानेवारी ते २४ मार्चपर्यंत आधीचं वर्ष. म्हणून कागदावर १६८४/५ असं दुहेरी वर्ष दिसलं की ते जसंच्या तसं उतरवा, ‘सुधारू’ नका. दोनदा सुधारलेली तारीख नंतर कोणालाच उलगडत नाही.

जगण्याचं सांगायचं तर पहिली दोन-तीन वर्षं झोपडी किंवा खड्ड्यातलं घर. कंपनीचा सचिव कॉर्नेलिस व्हान टीन्होवेन याने १६५० मध्ये नव्यांसाठी जी पद्धत लिहून ठेवली ती अशी. सहा-सात फूट खोल चौकोनी खड्डा खणायचा, आतून लाकडाने भिंत धरायची, लाकडावर झाडाची साल लावायची म्हणजे माती आत ढासळत नाही. खाली फळ्यांची जमीन, वर फळ्यांचं छत, त्यावर वासे टाकून साल किंवा हिरव्या गवताची ढेकळं. त्यात कुटुंब दोन ते चार वर्षं कोरडं आणि उबदार राहू शकतं. साल नीट लावली नाही तर वितळत्या बर्फाचं पाणी भिंतीतून आत येणार हे उघड आहे, म्हणून अस्तर कामाचं. १६२६ मध्येही मॅनहॅटनवर सुमारे ३० घरं होती, तीही सालीचीच, आणि १६२८ मध्ये माणसं २७०.

जनावरं १६२५ मध्ये आली, १०३ डोकी. प्रत्येक जनावराच्या ठाणाखाली जाड वाळू, प्रत्येकामागे एक राखणारा, आणि जहाजात गोड्या पाण्याचा वेगळा साठा. वाटेत दोनच मेली. हे एवढं नीट केलं कारण दूध आणि नांगर याशिवाय वसाहत टिकणार नव्हती. अन्नाबाबत डच सरकारचा कंपनीतला प्रतिनिधी पीटर स्खागेन याचं नोव्हेंबर १६२६ मधलं पत्र बोलकं आहे. मे महिन्याच्या मध्याला पेरलं, ऑगस्टच्या मध्याला कापलं. गहू, राय, जव, ओट, बकव्हीट यांचे नमुने पाठवले. आणि ७,२४६ बीव्हर कातडी. मॅनहॅटन ६० गिल्डरांना घेतल्याची सुप्रसिद्ध ओळ याच पत्रात आहे, पण वंशावळवाल्याने दुसरीच ओळ वाचावी: तिकडे बायकांना मुलंही झाली आहेत, असं स्खागेन लिहितो.

त्या मुलांत सारा होती. जन्म ९ जून १६२५. आईबाप तेव्हा फोर्ट ऑरेंजला होते, म्हणजे ऑल्बनीत. ब्रुकलिनचा दावा म्हणूनच टिकत नाही. ब्रुकलिनची जमीन घरात आली १२ वर्षांनी. हा दावा कुठून आला तेही माहीत आहे. १६५६ मध्ये सारा विधवा होती आणि तिने ब्रुकलिनच्या किनाऱ्यावरच्या वालबोख्तमधल्या आपल्या जमिनीला लागून असलेलं गवताचं कुरण मागणारा अर्ज केला. त्यात स्वतःला ‘न्यू नेदरलँडमध्ये जन्मलेली पहिली ख्रिस्ती मुलगी’ म्हटलं आणि सात मुलांचा भार असल्याचं सांगितलं. न्यू नेदरलँड म्हटलं होतं, लाँग आयलंड नव्हे. नंतरच्या लेखकांनी ती जिथे राहत होती तिथेच तिचा जन्म लावून टाकला. तसंच ‘मुलगी’ म्हटलंय, ‘मूल’ नव्हे. झाँ व्हीन्ये नावाच्या मुलाबद्दल असाच पहिलेपणाचा दावा १६७९ मध्ये लिहिला गेला, पण त्या हिशेबाने तो सुमारे १६१४ चा ठरतो, आणि तेव्हा तिथे कुटुंबं राहायला आलीच नव्हती. पहिलेपणाच्या कुठल्याही दाव्यावर वेळ घालवू नका. त्यातून वंशावळ पुढे सरकत नाही.

जमिनीचा व्यवहार मात्र तपशिलात पाहण्यासारखा आहे. १६ जून १६३७ ला काकापेतेनो आणि पेविखास या स्थानिक मालकांकडून योरिसने रिनेगाकाँक नावाची जमीन घेतली, पूर्व नदीच्या वळणावर, जिथे पुढे ब्रुकलिनचा नौदल कारखाना झाला. पक्की सनद आली १७ जून १६४३ ला. क्षेत्र सुमारे १६७ मॉर्गन. एक मॉर्गन म्हणजे ६०० चौरस राइनलँड रोड, आपल्या मापात जवळपास ८४ गुंठे. म्हणजे एकूण सुमारे ३५० एकर. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ३३५ एकर सापडतं, कारण त्यांनी मॉर्गन म्हणजे बरोबर दोन एकर धरला. खरेदी आणि सनद यांत सहा वर्षांचं अंतर दिसलं की दोन वेगळे व्यवहार समजू नयेत. आधी मूळ मालकांकडून ‘हक्क’ घ्यायचा, नंतर कंपनीकडून कागद, अशीच रीत होती. विकणाऱ्याच्या कल्पनेत ही कायमची विक्री होती की वापरायची परवानगी, यावर कागद एकाच बाजूचं बोलतो हेही विसरू नये.

हे लोक लगेच तिकडे राहायला गेले नाहीत. योरिस मॅनहॅटनवर खानावळवजा गुत्ता चालवत होता आणि किल्ल्याजवळ त्यांचं घर होतं. ते १६५० च्या दशकात विकून मग ते लाँग आयलंडला गेले. १६४१ मध्ये गव्हर्नर कीफ्टने सल्ल्यासाठी निवडून मागवलेल्या ‘बारा जणां’त योरिस होता. १६५५ पासून ब्रूकेलेनचा, म्हणजे ब्रुकलिनचा, तो अनेक वर्षं न्यायपंच होता. खूण करून सही करणारा विणकर ३० वर्षांत पंच झाला, हे सरदारकीच्या कथेपेक्षा कितीतरी जास्त दमदार आहे, पण ते १९ व्या शतकातल्या वंशजांना पुरेसं वाटलं नाही. तो १६६३ च्या सुरुवातीला वारला, कातालिना सप्टेंबर १६८९ मध्ये.

आता मोरोक्कोच्या भावाचं, कारण यात सगळ्यात जास्त लोक फसतात. योरिस यान्सेन. अँथनी यान्सेन व्हान साले. दोघेही यान्सेन, दोघेही तिथलेच, म्हणजे भाऊ, असा जुना तर्क. पण यान्सेन हे आडनाव नाही. यान्सेन म्हणजे यानचा मुलगा, आपण मधलं नाव लावतो तसं बापाचं नाव. दोन माणसांच्या बापांचं नाव ‘गणपत’ आहे म्हणून ते भाऊ ठरत नाहीत, तसंच हे. अँथनी हा मोरोक्कोतल्या सालेला गेलेल्या हार्लेमच्या यान यान्स नावाच्या चाच्याचा मुलगा. योरिसचा बाप व्हॅलेन्सिएनचा. आणि आपल्यापेक्षा एक फरक लक्षात ठेवा: तेव्हाची डच बाई लग्नानंतर स्वतःचं नाव बदलत नसे. कातालिना मरेपर्यंत त्रिकोच राहिली. संशोधकाला हे वरदानच आहे. नवरा दुसरा झाला तरी बाई त्याच नावाने पुढच्या कागदांत सापडते. इंग्रजी अमलानंतर आडनावं गोठली आणि ती कशावरही गोठली. मुलगी यानेट्येने रेम यान्सेन व्हांडरबेक या लोहाराशी लग्न केलं; त्या लोहाराच्या ‘रेम’ या पहिल्या नावावरून पुढच्या पिढ्यांचं आडनाव रेमसेन झालं. सारा हान्स हान्सेन बेर्गनशी लग्न करून गेली. तो नॉर्वेतल्या बेर्गनचा जहाजसुतार होता, पुढे ते बर्गन घराणं. त्याच्या मृत्यूनंतर तिने टेउनिस बोगार्टशी लग्न केलं.

मुलं ११: सारा १६२५, मारिट्ये १६२७, यानेट्ये १६२९, युडिथ १६३५, यान १६३७, याकोब १६३९, कातालेंट्ये १६४१, येरोनिमस १६४३, आनेट्ये १६४६, एलिझाबेथ १६४८, डॅनियल १६५०. ही यादी तपासताना एक भिंत लागते. न्यू अॅम्स्टरडॅम चर्चची बाप्तिस्म्याची उपलब्ध नोंदवही १६३९ पासूनच आहे. त्याआधीच्या मुलांच्या तारखा कुटुंबाने जपलेल्या नोंदीवर उभ्या आहेत, नंतरच्या मुलांना चर्चच्या वहीत ताडता येतं. म्हणून साराची जन्मतारीख ‘चर्चची नोंद’ म्हणून कोणी दिली तर तिथेच थांबवा. आणि १६२९ ते १६३५ हे सहा वर्षांचं अंतर बघा. बाकी सगळीकडे दोन-अडीच वर्षं. मधे मुलं दगावली असण्याची शक्यता मोठी, पण नोंद नाही, म्हणून काल्पनिक नावं भरायची नाहीत. वहीत बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावं असतात, ती कधीही गाळू नका. साक्षीदार बहुतेक वेळा काका, मावशी किंवा आजी असते. त्यातूनच माहेर सापडतं.

शोधण्याचा क्रम: अॅम्स्टरडॅम नगर दप्तरातली लग्न-इराद्याची नोंदवही (सूची ऑनलाइन आहे), मग तिथलेच नोटरीचे कागद, मग न्यू अॅम्स्टरडॅम चर्चची वही, मग ऑल्बनीतले वसाहतीचे डच कागद. हे कागद १९११ च्या आगीत खालच्या फळ्यांवर असल्याने बरेचसे वाचले, कडा मात्र जळल्या आहेत. इंग्रजी भाषांतर वाचताना ते आगीआधीचं की नंतरचं ते बघा. जुनी भाषांतरं घाईची आहेत, तर नंतरच्या भाषांतरकाराला काही ओळी जळालेल्याच मिळाल्या.

शेवटचा आणि बहुतेकांनी न उघडलेला ठेवा मृत्युपत्रांचा. डच रीतीत नवरा-बायको मिळून एकच मृत्युपत्र करत, मालमत्ता सामाईक, मुली-मुलगे समान वाटेकरी. विधवेला पुन्हा लग्न करायचं तर आधी मुलांचा वाटा ठरवून द्यावा लागे. त्या कागदात सगळ्या जिवंत मुलांची नावं असतात. १६६४ च्या शरणागतीच्या करारात डचांना वारशाच्या बाबतीत आपल्या रीती चालू ठेवायची मुभा लिहून दिली होती, म्हणून इंग्रजी अमलातही मुलींची नावं गायब होत नाहीत. आणि १८ व्या शतकातली किंग्ज काउंटीची, म्हणजे ब्रुकलिनच्या जिल्ह्याची, मृत्युपत्रं उघडाल तेव्हा घोडे-गाईंच्या ओळीत गुलाम माणसांची नावंही येतील. १७९० च्या जनगणनेत त्या काउंटीत जवळपास दर तीन माणसांमागे एक गुलाम होता. ती नावंही उतरवून घ्या. त्यांच्या वंशजांना बहुतेकदा तेवढा एकच कागद असतो.